«खावाले येस, पन खास नही» : गिनीपिगच्या वाढलेल्या दाढांचं एक प्रकरण

अमळनेरच्या एका घरातला अडीच वर्षांचा नर गिनीपिग, भुऱ्या. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात त्याला तपासायला आणलं तेव्हा घरच्यांची खात्री होती की त्याला ऊन लागलंय. बाहेर पारा ४३ च्या पुढे गेलेला, कूलर दिवसभर चालू, आणि भुऱ्याच्या हनुवटीवरून लाळ गळतेय. असा अंदाज बांधला जाणं साहजिक होतं. आजींनी मात्र अहिराणीत एका वाक्यात सांगितलं: «खावाले येस, पन खास नही.» म्हणजे खायला येतो, पण खात नाही. ताटली ठेवली की पळत येतो, काकडीची चकती उचलतो, तोंड हलवतो आणि चकती खाली पडते.

अर्धं निदान या वाक्यात आहे. ताप, पोटफुगी, न्यूमोनिया किंवा मूत्राशयातला खडा असला तर गिनीपिग ताटलीपर्यंतही येत नाही. कोपऱ्यात अंग फुगवून बसतो. भूक आहे, ओढ आहे, पण घास आत जात नाही, असं दिसलं की आधी तोंड बघायचं. उन्हाच्या झटक्यातही लाळ गळते, हे खरं. पण तो झटका तासांचा मामला असतो: प्राणी पोटावर आडवा पसरतो, श्वास धापा टाकल्यासारखा चालतो, अंगाचं तापमान ४० अंशांच्या वर जातं. भुऱ्याची हनुवटी आठ दिवसांपासून ओली होती आणि गुदद्वारातून घेतलेलं तापमान होतं ३७.४. निरोगी गिनीपिगचं साधारण ३७.२ ते ३९.५ असतं. म्हणजे अंग तापलेलं नव्हतंच, उलट उपाशी राहून थंडावत चाललं होतं.

वजन भरलं ७०५ ग्रॅम. चार महिन्यांपूर्वी नखं कापायला आणला होता तेव्हाची नोंद होती ९४० ग्रॅम. पाव हिस्सा वजन गेलं होतं आणि घरात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण केसांखाली हाडं दिसत नाहीत. पाठीवर हात दाबून फिरवला तेव्हा मणके एकेक करून मोजता येत होते.

तीन आठवड्यांत काय घडलं

घरच्यांना एकेक दिवस आठवायला लावल्यावर क्रम असा लागला. आधी त्याने गवताच्या काड्या सोडल्या. मग कोथिंबिरीची पानं खाऊन देठ टाकायला लागला. मग चपातीचा मऊ तुकडा आणि केळं एवढंच उरलं. शेवटी तेही तोंडातून पडायला लागलं, हनुवटी ओली राहू लागली, लेंड्या बारीक, कोरड्या आणि थोड्या झाल्या. दाढांच्या दुखण्यात खाणं कडकाकडून मऊकडे असंच सरकत जातं. «तो लाडावलाय, मऊच मागतो» असा घरी अर्थ लावला जातो, आणि दोन आठवडे त्यातच जातात.

मधल्या काळात दोन गोष्टी झाल्या. पुढचे दात लांब आणि तिरके दिसतात म्हणून पाळीव प्राण्यांच्या एका दुकानात ते नेलकटरने कापून घेतले. दोन दिवस त्याने थोडं खाल्लं, मग पुन्हा बंद. वरचा उजवा दात उभा चिरला होता. शिवाय कुणीतरी सुचवलं म्हणून मेडिकलमधून लहान मुलांचं अमॉक्सिसिलिनचं पातळ औषध आणून ठेवलं होतं. बाटली फोडली नव्हती, हे नशीब. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, पेनिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन ही औषधं तोंडावाटे दिली की गिनीपिगच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात, क्लॉस्ट्रिडियम जातीचे जिवाणू मोकळे सुटतात आणि त्यांच्या विषाने काही दिवसांत जनावर जातं. माणसाच्या बाळाला चालणारं औषध याला चालत नाही, हे गिनीपिग पाळणाऱ्या प्रत्येक घराला ठाऊक हवं. खरोखर जंतुसंसर्ग असेल तर एन्रोफ्लॉक्सासिन किंवा ट्रायमिथोप्रिम-सल्फा यांसारखी औषधं डॉक्टर वजनावरून देतात.

दात कापल्याने फरक का पडला नाही, ते कळायला या प्राण्याचं तोंड समजून घ्यावं लागतं. गिनीपिगला २० दात असतात: पुढे वर दोन आणि खाली दोन, सुळे नाहीत, आणि दोन्ही जबड्यांत प्रत्येक बाजूला चार दाढा. हे वीसही दात आयुष्यभर मुळातून वाढत राहतात. उंदराचे पुढचे दात पिवळट-नारिंगी असतात, गिनीपिगचे पांढरे. खालचे पुढचे दात वरच्यांपेक्षा बरेच लांब असणं स्वाभाविकच आहे, पण ते पाहून बरेच जण घाबरतात. मागच्या दाढा सपाट नसतात. त्यांचा घासायचा पृष्ठभाग आडव्याशी सुमारे ३० अंश कललेला असतो, खालच्या दाढा आत जिभेकडे वळलेल्या, वरच्या बाहेर गालाकडे. खालचा जबडा पुढे-मागे सरकवून तो गवत दळतो आणि दळतानाच दाढा झिजतात. दळण थांबलं की झीज थांबते, वाढ मात्र चालूच राहते. खालच्या दाढा जिभेवर झुकतात, वरच्यांची टोकं गालात घुसतात. दाढा उंच झाल्या की तोंड पूर्ण मिटत नाही, मग पुढचे दात एकमेकांवर नीट बसत नाहीत आणि तेही लांब, तिरके होतात. गिनीपिगमध्ये पुढच्या दातांचा बिघाड बहुतेक वेळा मागच्या दाढांची सावली असतो. पुढचे दात कापणं म्हणजे फक्त सावली कापणं, आणि कापताना चिमटा दाताला चिरतो तो वेगळाच. चीर मुळापर्यंत गेली तर तिथे पू धरतो.

आहार

रोजचं खाणं विचारलं तेव्हा दुखण्याचं मूळ हाती आलं. दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत घरातली मुलगी रोज बोरी नदीच्या काठावरून मूठभर हरळी आणायची. होळीनंतर काठ आणि शेतांचे बांध करपले, हरळी बंद झाली. तिच्या जागी आलं ते असं: चपाती, भिजवलेले हरभरे, अर्धं केळं, काकडी, दुकानातले रंगीत दाणे आणि भाजीबाजारातून मिळेल तेव्हा लसूणघास. घरात कुणी कंजुषी केली नव्हती. जळगाव जिल्हा केळ्यांचा, तेव्हा केळं प्रेमाने दिलं जात होतं. पण या सगळ्यात दळायला लागेल असं काहीच नव्हतं. हरभरा आणि दाणे वरून खाली दाबून फोडले जातात, त्यात दाढ दाढेवर घासत नाही. गवताच्या पात्यात सिलिकाचे सूक्ष्म कण असतात, ते दाढेला कानशीसारखे घासतात, आणि एक मूठ गवत संपवायला शेकडो वेळा जबडा हलवावा लागतो. चपातीचा तुकडा पाच-सहा हालचालींत गिळला जातो.

पिंजऱ्यात लाकडाचा तुकडा ठेवला होता, तो कुरतडतो, मग दात का वाढले, असं घरच्यांनी विचारलं. प्रश्न रास्त आहे. लाकूड कुरतडताना फक्त पुढचे दात झिजतात. मागच्या दाढांना लाकूड लागतही नाही.

दुसरी उणीव विटामिन सीची. माणसासारखंच गिनीपिगलाही ते शरीरात तयार करता येत नाही. रोज किलोमागे १० ते ३० मिग्रॅ लागतं, आजारात आणखी जास्त. ते कमी पडलं की कोलॅजन हे शरीराचे भाग बांधून ठेवणारं प्रथिन नीट बनत नाही. दाढ जबड्याच्या हाडात ज्या तंतूंनी धरलेली असते ते तंतू कोलॅजनचेच, म्हणून दाढा सैल होऊन कलतात. भुऱ्याच्या हिरड्या बोटाने दाबल्यावर किंचित रक्ताळत होत्या. मागच्या पायांच्या गुडघ्यांना हात लावला की पाय आखडून घेत होता. केळं आणि काकडी दोन्हींत हे विटामिन फार थोडं आहे. दाण्यांच्या पाकिटावर «विटामिन सी युक्त» लिहिलेलं होतं, पण दाण्यांमधलं विटामिन सी पाकीट बनल्यापासून सुमारे तीन महिन्यांत बरंच उडून जातं, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात बंद दुकानात तापलेल्या पाकिटात त्याहून लवकर.

तपासणीत काय दिसलं

समोरून पाहता खालच्या दोन पुढच्या दातांची कड आडवी नसून तिरकी होती. अशी तिरकी कड दिसली की एका बाजूने चावणं बंद झालंय असं समजावं. हनुवटीचे आणि गळ्याचे केस चिकटून खालची कातडी लाल झाली होती. डाव्या डोळ्यातून पाणी येत होतं. वरच्या दाढांची मुळं डोळ्याच्या खोबणीला लागून असतात, मुळं वर सरकली की डोळा पाणावतो, कधी पुढेही येतो. खालच्या जबड्याच्या कडेवरून बोट फिरवताना दोन्ही बाजूंना सारखे, गुळगुळीत, छोटे उंचवटे लागले. मुळं खाली हाडात ढकलली गेल्याची ही खूण. एकाच बाजूला मोठी, दुखरी गाठ लागली असती तर गळूचा संशय घ्यावा लागला असता, आणि मग उपचाराची दिशाच बदलली असती.

जागेपणी ओटोस्कोपने, म्हणजे कान तपासायच्या दिव्याच्या नळीने, तोंडात डोकावलं. गिनीपिगचं तोंड फार कमी उघडतं, गालांच्या घड्या मध्ये येतात आणि चघळलेल्या अन्नाचा लगदा कायम असतो. त्यामुळे जागेपणी «तोंड ठीक दिसतं» या निष्कर्षाला फारसा अर्थ नसतो. इथे लगद्याआडून डावीकडची पहिली खालची दाढ जिभेवर कललेली दिसली. तेवढं पुरेसं होतं. बाकीचं भुलेखाली पाहायचं ठरलं.

आधी पोट, मग दाढा

त्याच दिवशी भूल दिली नाही. तीन आठवडे अर्धपोटी असलेल्या गिनीपिगचं शरीर चरबी जाळून चाललेलं असतं, यकृतात चरबी साठते, आतडं मंदावतं. अशा जनावराला लगेच भूल दिली तर दाढा सरळ होतील आणि जनावर टेबलावरच दगावेल. आधी दोन दिवस त्याला उभं करायचं होतं.

कोमट रिंगर लॅक्टेट (सलाइनसारखं क्षारांचं पाणी) कातडीखाली, दिवसातून दोनदा २५ ते ३० मिली. शरीरात पाणी भरल्यावरच वेदनेसाठी मेलॉक्सिकॅम. कोरड्या पडलेल्या शरीरात ते मूत्रपिंडांना त्रास देतं, म्हणून हा क्रम महत्त्वाचा. मात्रा किलोमागे ०.५ मिग्रॅ, म्हणजे याला ०.३५ मिग्रॅ, १ मिलीत १.५ मिग्रॅ असलेल्या जनावरांच्या पातळ औषधाचे साधारण ०.२३ मिली. माणसांची ७.५ मिग्रॅची गोळी घरी तोडून देऊ नये, इतका छोटा तुकडा अचूक होत नाही. विटामिन सी रोज ५० मिग्रॅ, बाळांच्या थेंबांतून: बाटलीवर १ मिलीत १०० मिग्रॅ लिहिलेलं असेल तर ०.५ मिली. पिण्याच्या पाण्यात टाकायचं नाही. पाण्यात ते लवकर नासतं, आणि चव बदलली म्हणून जनावर पाणीच कमी पितं.

सिरिंजने भरवणं हा या सगळ्याचा कणा. शाकाहारी प्राण्यांसाठी तयार मिळणारी पूड ऑनलाइन मागवावी लागते आणि अमळनेरला पोहोचायला दिवस लागतात. तोवर गवताच्या साध्या पेलेट (दाबून केलेले दाणे) मिक्सरमध्ये अगदी बारीक दळल्या, पिठाच्या चाळणीने चाळल्या आणि एक भाग पुडीला तीन भाग कोमट पाणी घालून दहा मिनिटं भिजत ठेवल्या. चाळलं नाही तर सिरिंज तुंबते, जोर लावावा लागतो आणि एकदम मोठा घोट घशात जातो. नेमकी तीच चूक जिवावर बेतते. १ मिलीच्या सिरिंजचं टोक कापून कड गुळगुळीत केली. प्राणी चारी पायांवर किंवा मांडीवर बसलेला हवा, उताणा कधीच नाही, नाहीतर अन्न श्वासनळीत जातं. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी जागा असते, तिथून बाजूने सिरिंज आत घालायची, अर्धा मिली सोडायचं, चघळून गिळेपर्यंत थांबायचं. एका वेळी ८ मिली, दिवसरात्र मिळून सहा वेळा, म्हणजे ४८ मिली. किलोमागे ५० ते ८० मिलीच्या प्रमाणात हे बसतं.

तिसऱ्या दिवशी वजन ७१४ ग्रॅम आणि लेंड्या पुन्हा मोठ्या. आता भूल देता येणार होती.

भुलेखाली

कुत्र्यासारखं रात्रभर उपाशी ठेवायचं नाही. गिनीपिगला उलटी होत नाही आणि उपाशी पोटी आतडं थांबतं. फक्त दीड तास आधी खाणं काढलं. पण तोंडात लगदा साठलेला असतोच, म्हणून भूल चढल्याबरोबर ओल्या कापसाच्या काड्यांनी गाल, जीभ आणि टाळू साफ केले. नाहीतर तोच लगदा श्वासनळीत सरकतो. आधी गुंगी आणि वेदना कमी करायला मिडाझोलाम आणि ब्यूटॉर्फेनॉल, मग मास्कने आयसोफ्लुरेन हा भुलेचा वायू. नळी घालायला गिनीपिगचा घसा फार अरुंद, पण तो नाकानेच श्वास घेतो, म्हणून तोंडात काम चालू असताना नाकावर छोटा मास्क ठेवून भूल चालू ठेवता येते. डोळ्यांत मलम घातलं. खाली गरम पाण्याची पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळून ठेवली. बाहेर ४३ अंश असले तरी वातानुकूलित खोलीत भुलेतलं एवढंसं जनावर झपाट्याने गार पडतं, आणि गार पडलेलं जनावर शुद्धीवर यायला वेळ लावतं.

आधी एक्स-रे: एक बाजूचा, दोन तिरके, एक वरून. खालच्या दाढांची मुळं लांबलेली आणि जबड्याची खालची कड त्यांच्यापाशी पातळ झालेली होती, वरची मुळं डोळ्याकडे सरकलेली. हाड कुठे पोखरलेलं नव्हतं, गळू नव्हतं. म्हणजे दाढ काढायची गरज नव्हती. पण मुळं इतकी लांबल्यावर ती पूर्ववत होत नाहीत, हेही दिसलं. घरच्यांना त्याच वेळी स्पष्ट सांगितलं: दाढा सरळ होतील, पण पुन्हा पुन्हा तपासाव्या लागतील. गळूचा संशय असता तर सीटी स्कॅन लागलं असतं, त्यासाठी मुंबई-पुण्याची वाट धरावी लागते.

तोंड उघडून धरणारा चिमटा आणि गाल बाजूला करणारा पसरट चिमटा लावल्यावर चित्र दिसलं. खालच्या पहिल्या दोन दाढा, डावी आणि उजवी, जिभेच्या वर एकमेकींना टेकत आल्या होत्या. त्यांच्या पुलाखाली जीभ अडकलेली. गिनीपिग घास जिभेने मागे ढकलतो. जीभ हलत नसेल तर घास पुढून पडणारच. आजींना रोज दिसत होतं ते हेच. शिवाय डावीकडच्या शेवटच्या वरच्या दाढेचं टोक गालात घुसून तिथे जखम झाली होती.

हत्यार होतं सरळ, कमी वेगाने फिरणारा हँडपीस (दातांच्या डॉक्टरांची हातात धरायची मशीन), त्यावर लांब दांड्याचा बर, म्हणजे घासणारं फिरतं टोक, आणि जीभ-गाल वाचवायला बाजूला धातूची आड. दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या घासायला जे मायक्रोमोटर असतं तेच चालतं. खानदेशात ज्या डॉक्टरांकडे गाय-म्हैस-शेळीचं काम मुख्य आहे त्यांना ते विकत घेणं जड नाही. अवघड आहे ती लांब बर आणि आड मिळवणं, तेवढं आधी मागवून ठेवावं. दाढा तोडायच्या चिमट्याने कापल्या नाहीत, कारण चिमट्याने दाढ उभी फुटते, चीर हिरडीखाली जाते आणि दोन महिन्यांनी तिथे गळू होतं. जीभ पातळ चमच्याने बाजूला दाबली, आधी पूल कापला, मग एकेक दाढ घासत मूळचा ३० अंशांचा उतार परत आणला. एका जागी दोन-तीन सेकंदच घासायचं, मध्ये ओली काडी फिरवायची, नाहीतर दाढ तापून आतला गर मरतो. फार खोलही जायचं नाही. वरची आणि खालची दाढ एकमेकींना टेकलीच पाहिजे, जास्त घासलं तर जनावर आठवडाभर दळूच शकत नाही. शेवटी पुढचे दात बरनेच समान केले आणि चिरलेल्या दाताची धारदार कड गुळगुळीत केली. सगळं मिळून सुमारे २५ मिनिटं.

शुद्धीवर आल्यावर तासाभरात पहिली सिरिंज.

नंतरचे दिवस, आणि सहाव्या दिवशीची चूक

दाढा सरळ झाल्या की तो लगेच खाईल, ही अपेक्षा प्रत्येक घरात असते. तसं होत नाही. आठवडेच्या आठवडे तोंड अर्धवट उघडं राहिल्याने चावणारे स्नायू ताणून सैल झालेले असतात. ते पुन्हा आखडायला काही दिवसांपासून दोन आठवडेही लागतात. तोवर मेलॉक्सिकॅम आणि सिरिंज दोन्ही चालू. हनुवटी मिठाच्या कोमट पाण्याने पुसून कोरडी करायची. जंतुसंसर्गाची खूण नव्हती म्हणून अँटिबायोटिक दिलं नाही.

पहिल्या दिवशी ७०५ ग्रॅम असलेलं वजन तिसऱ्या दिवशी ७१४ झालं होतं. पाचव्या दिवशी ते ७०२ वर आलं. शस्त्रक्रियेनंतर इतकं खाली येणं अपेक्षित असतं. सहाव्या दिवशी त्याने काकडीची अख्खी चकती संपवली. घरात आनंद झाला आणि सिरिंज थांबवली गेली. आठव्या दिवशी वजन ६८३. काकडीत ९५ टक्के पाणी आहे. ती खाणं ही चांगली खूण आहे, पण तो आहार नाही. काकडी, टरबूज, केळं यांवर सिरिंज थांबवायची नाही, हा नियम तेव्हा घालून दिला. सिरिंज कमी करायला तीन गोष्टी एकत्र हव्यात: गवताची लांब काडी तो स्वतः दळून संपवतो, लेंड्या पूर्वीच्या आकाराच्या आहेत, आणि सलग तीन दिवस वजन घटलेलं नाही. सिरिंज पुन्हा सुरू केल्यावर बाराव्या दिवशी ७०६. तेराव्या दिवशी त्याने हरळीची पहिली काडी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आत ओढली, जबडा पुढे-मागे हलवत. सोळाव्या दिवशी ७३१. त्यानंतर सिरिंज सहावरून तीन, मग एक.

वजन रोज सकाळी एकाच वेळी, स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर भांड्यात बसवून घ्यायचं. काटा १ ग्रॅमचा असावा. निरोगी गिनीपिगसाठी आठवड्यातून एकदा पुरे. आठवड्यात ३०-४० ग्रॅम गेले तर दुसऱ्या आठवड्यात पुन्हा बघू असं न म्हणता तोंड तपासून घ्यावं. भुऱ्याच्या घरी हा काटा आधी असता, तर मार्चमध्येच सगळं लक्षात आलं असतं.

खानदेशात चारा कुठून आणायचा

रोजच्या खाण्याचा चार-पंचमांश भाग वाळलेलं गवत हवं, दिवसरात्र समोर असलेलं. ऑनलाइन मिळणारं टिमोथी गवत उत्तम, पण महाग पडतं. इथलं मारवेल, पवन्या आणि हरळी चालतं. पावसाळा सरता सरता, फुलोरा येताना कापायचं, सावलीत वाळवायचं, गोणपाटात मोकळं भरून कोरड्या जागी ठेवायचं. प्लास्टिकच्या पिशवीत बांधलं तर बुरशी धरते. बुरशीचा वास आला तर सगळी गोणी टाकून द्यायची. गवतात कुसळी मिसळलेली नसावी. तिची कुसळं हिरडीत आणि जिभेखाली रुततात आणि लाळ गळण्याचं अगदी हेच चित्र उभं करतात. ज्वारीच्या पिकलेल्या, वाळलेल्या कडब्याची पानं थोडी देता येतात. कोवळी ज्वारी किंवा कापणीनंतरचे फुटवे अजिबात नाही, गुरांना जी किराळ (कोवळ्या ज्वारीची विषबाधा) लागते तिचं कारण तेच. केळीच्या पानाची पट्टी चालते, पण करपा रोगासाठी बागेत फवारणी होते, तेव्हा परसातल्या न फवारलेल्या केळीचीच. कपाशीच्या बांधावरचं गवत हंगामात कधीच आणू नये, फवारा तिथपर्यंत येतो. सरकी पेंड तर नकोच.

लसूणघास मोठ्या गिनीपिगला रोज नको. त्यात कॅल्शियम फार, मूत्राशयात खडे होतात. वाढत्या पिल्लांना आणि गाभण मादीला चालतो. विटामिन सीसाठी रोज ४० ग्रॅम हिरवी ढोबळी मिरची किंवा १५ ग्रॅम पेरू, दोन्हींतून साधारण ३० मिग्रॅ मिळतं. पेरूत साखर आहे, म्हणून आठवड्यातले बहुतेक दिवस ढोबळीच बरी. चपाती, भाकरी, हरभरा, केळं बंद. आजींना हे बंद करणं सगळ्यात जड गेलं, आणि ते समजण्यासारखं आहे. हातातून भरवायला काहीतरी हवं असतं. म्हणून त्यांना कोथिंबिरीचे जाड देठ द्यायला सांगितलं. देठ शेवटपर्यंत दळला जातोय की मध्येच पडतोय, हे त्या रोज बघतात आणि वहीत लिहितात.

उन्हाळ्यात अमळनेरहून तपासणीला यायचं तर पहाटेच निघावं. टोपलीत टॉवेलमध्ये गुंडाळलेली गार पाण्याची बाटली ठेवावी, आणि सोबत गवत, कारण प्रवासातही खाणं थांबता कामा नये.

चौथ्या आठवड्यात वजन ७७८, सातव्यात ८३०. सातव्या आठवड्यात पुन्हा भूल देऊन तोंड पाहिलं. पुढच्या दातांची कड सरळ झाली होती, चिरलेला दात नव्याने वाढून पूर्ण झाला होता, डोळा कोरडा होता. डावी पहिली खालची दाढ मात्र पुन्हा किंचित आत कलली होती. तेवढीच दोन मिनिटं घासली. पुढची तपासणी आठ आठवड्यांनी ठरली. तोवर पाऊस लागलेला असेल आणि बोरीच्या काठी हरळी फुटलेली असेल. पण पुढच्या होळीनंतरचा चारा याच पावसाळ्याच्या शेवटी कापून ठेवायचा आहे, एका गिनीपिगसाठी किमान दोन गोण्या, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेलं आहे.